जुन्या लोडरच्या इंजिनाचा बिघाड : उघडण्यापूर्वीं ओळखण्याचा क्रम

शेतकरी बंधूंस विदित आहेच कीं, बैलजोड्या कमी झाल्या व मजुरांचीही टंचाई भासूं लागली, त्यामुळें आपल्या भागांत लहानमोठीं यंत्रें शेतावर आलीं आहेत. त्यांपैकीं बरींचशीं नवीं नसतात. रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या कामावर कांहीं वर्षें राबलेलें यंत्र ठेकेदार विकतो व तें आपण घेतों. नव्याची किंमत झेपत नाहीं म्हणून जुनें घेणें यांत गैर कांहींच नाहीं; परंतु जुनें यंत्र घेणारानें त्याचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे, नाहीं तर स्वस्तांत घेतलेली वस्तु अखेर महागांत पडते. प्रस्तुत लेखांत लहान चारचाकी भरणयंत्राच्या, म्हणजे ज्यास 'स्किड स्टीअर लोडर' म्हणतात व आपल्याकडे सरसकट 'बॉबकॅट' या नांवानें ओळखतात त्याच्या, डिझेल इंजिनाचा बिघाड कसा ओळखावा हें सांगण्याचें योजिलें आहे. हें विवेचन बहुतांशीं जुना ट्रॅक्टर व विहिरीवरील ऑइल इंजिन यांनाही लागू पडेल.

लेखाचें कारण

आम्हीं तिघां भाऊबंदांनीं नामपूर येथें मोसमकांठच्या जमिनीसाठीं असा एक जुना लोडर भागीदारींत घेतला. उकिरड्यांतील खत ट्रॉलींत भरणें, धरणांतून आणलेला गाळ शेतांत पसरणें, डाळिंबाच्या बागेंतील दगड गोळा करणें, हीं कामें तो चोख करी. दुसऱ्या वर्षीं ऐन वैशाखांत तो अडूं लागला. सकाळीं बिनतक्रार सुरू होई, तीन-चार तास चाले, नंतर दम तुटल्यासारखा होऊन बंद पडे. थोडें थांबून डिझेलचा हातपंप मारला म्हणजे पुन्हा सुरू होई व पुन्हा बंद पडे.

यंत्र चालविणारा आमच्याच वस्तीवरील एक तरुण मुलगा होता. तो एवढेंच म्हणे, "तात्या, टाकी भरलेली असली कीं गाडी चालते, निम्मी झाली कीं मरते." त्याच्या बोलण्याकडे आम्हीं लक्ष दिलें नाहीं. बोलाविलेल्या कारागिरानें आवाज ऐकून 'रिंगा गेल्या, इंजिन बांधावें लागेल' असा निकाल दिला. मुलानें ऑइल न पाहतां इंजिन चालविलें असावें असाही तर्क निघाला. तो आम्हांस लगेच पटला, कारण दोष दुसऱ्याचा ठरला म्हणजे मालकाच्या मनास बरें वाटतें. मुलगा कांहीं न बोलतां काम सोडून गेला. इंजिन खोललें, लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगें बदललीं, सुमारें ७५,००० रुपये व सव्वा महिना खर्चीं पडला. बांधाकडेचे खताचे ढीग पसरावयाचे राहिले, मृगाचा पहिला मोठा पाऊस आला आणि त्यांतील सत्त्व ओढ्यास मिळालें. इंजिन पुन्हा बसविलें, सुरू झालें, आणि तिसऱ्याच दिवशीं निम्म्या टाकीवर बंद पडलें.

पुढें विहिरीवरील इंजिनांचीं कामें करतां करतां केस पांढरे झालेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं पांच लिटरचा एक डबा व हातभर नळी घेऊन अर्ध्या दिवसांत दोष दाखविला. टाकीपासून पंपाकडे जाणारी रबरी नळी क्लिपेच्या खालीं चिरली होती. नवी नळी २०० रुपयांच्या आंत आली. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. पंचनाम्यावांचून निकाल नाहीं, हें तेथें पहिल्या वर्षींच शिकवितात. स्वतःच्या यंत्राच्या बाबतींत मात्र प्रत्यक्ष साक्षीदाराचा जबाब न ऐकतां आम्हीं निकाल देऊन मोकळे झालों. त्या मुलाच्या घरीं जाऊन मीं चूक कबूल केली व तो आज पुन्हा यंत्रावर आहे. परंतु गेलेला पैसा व गेलेला हंगाम परत आला नाहीं. अशी चूक दुसऱ्याकडून होऊं नये एवढाच या लेखाचा हेतु.

यंत्राची ओळख

हें यंत्र मुळांत शेतकऱ्याच्याच गरजेंतून निर्माण झालें. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत रॉथसे या गांवीं सिरिल व लुईस केलर या दोघां भावांचें लोहारकामाचें व दुरुस्तीचें दुकान होतें. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यास खांबांच्या दाटींतून विष्ठा काढण्यासाठीं लहान व जागच्या जागीं वळणारें यंत्र हवें होतें. तें तीन चाकांचें यंत्र केलर बंधूंनीं १९५७ सालीं करून दिलें. १९५८ सालीं मेलरो कंपनीनें त्याचे हक्क घेतले, पुढें त्यास चौथें चाक आलें, आणि १९६२ पासून 'बॉबकॅट' हें नांव रूढ झालें.

या यंत्राचीं पुढचीं चाकें मोटारीप्रमाणें वळत नाहींत. एका बाजूचीं चाकें जलद व दुसऱ्या बाजूचीं सावकाश किंवा उलट फिरवून तें वळतें. इंजिन पाठीमागें असतें. आजच्या बहुतेक लोडरांत तें हायड्रॉलिक पंप फिरवितें, व त्या पंपांच्या तेलाच्या दाबावर चाकें चालतात आणि बकेट उचलली जाते. यामुळें इंजिनाचा दोष व हायड्रॉलिकचा दोष यांची गल्लत होते. पहिली परीक्षा सोपी आहे. ओझें घेतांना इंजिनाचा आवाज दबून फेरे घटत असतील तर प्रथम इंजिनाकडे पाहावें. इंजिन एका सुरांत जोरानें चालत असूनही चाकें किंवा बकेट सुस्त असेल तर हायड्रॉलिक तेलाची पातळी, त्याचा फिल्टर व पंप यांकडे वळावें. बकेट मोकळी असतांनाही इंजिन दबत असेल तर जादा हायड्रॉलिकचा खटका चुकून चालू राहिला नाहीं ना, हेंही पाहून घ्यावें.

इंजिनाच्या तीन गरजा

रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाचें इंजिन १८९७ सालीं आउग्सबर्ग येथें यशस्वी ठरलें. आपल्याकडे त्याचा परिचय विहिरींमुळें झाला. पुणें येथें खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं स्थापन झाली, व पुढें अशा इंजिनांनीं कित्येक विहिरींवरील मोटा थांबविल्या. विहिरीवरील तें एका सिलिंडरचें इंजिन व लोडरमधील तीन-चार सिलिंडरांचें इंजिन यांचें तत्त्व एकच.

पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणें यांत ठिणगी नसते. पिस्टन आंतील हवा मूळच्या पंधराव्या ते बाविसाव्या हिश्श्याइतकी दाबतो. त्या दाबानें हवा ५०० अंश सेंटिग्रेडपलीकडे तापते, व तींत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा गेला कीं तो आपोआप पेटतो. सबब या इंजिनास तीन गोष्टी लागतात : पुरेशी स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, तेंही योग्य क्षणीं व जोरानें, आणि सिलिंडरांतील पुरेसा दाब. सुरू करतांना याच्या जोडीला सेल्फनें इंजिन पुरेशा वेगानें फिरविलें पाहिजे. हवा, डिझेल व बॅटरी हीं बाहेरून, साध्या पान्यानें तपासतां येतात. दाब नाहींसा झाला असेल तरच इंजिन खोलण्याचा प्रसंग येतो. म्हणून तपासाचा क्रम बाहेरून आंत व स्वस्ताकडून महागाकडे, असा असावा. आमचा क्रम नेमका उलट होता.

हात लावण्यापूर्वीं

यंत्र सपाट जागीं उभें करावें, बकेट जमिनीस टेकवावी, इंजिन बंद करून किल्ली खिशांत घालावी. बकेटीचे हात वर ठेवूनच काम करणें भाग असेल तर यंत्रासोबत येणारा लोखंडी आधार लावल्याशिवाय त्यांखालीं शिरूं नये. नुसत्या तेलाच्या दाबावर उभे असलेले हात नळी फुटतांच खालीं येतात व माणूस हात आणि सांगाडा यांमध्यें चिरडतो. केबिन मागें कलवून काम करावयाचें असेल तर तिचीही अडकण लागली आहे याची खातरी करावी. बॅटरी सोडतांना ऋण टोक, म्हणजे अर्थिंगचें टोक, प्रथम सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें. बंद शेडमध्यें इंजिन चालवूं नये, धुरांतील विषारी वायूस वास नसतो. आसनाचा व छातीपुढील दांड्याचा सुरक्षा-खटका तारेनें कायमचा जोडून टाकण्याची खोड कांहीं ठिकाणीं आहे. ती जीवघेणी आहे, कदापि करूं नये.

प्रथम जबाब

पाना हातीं घेण्यापूर्वीं यंत्र चालविणाऱ्यास पुढील प्रश्न विचारावे व उत्तरें कागदावर लिहावीं. (१) बिघाड एकाएकीं झाला कीं हळूहळू वाढत गेला? (२) इंजिन थंड असतां होतो कीं तापल्यावर? (३) मोकळें असतां होतो कीं ओझ्याखालीं? (४) त्या वेळीं टाकींत डिझेल किती होतें व तें कोठून भरलें होतें? (५) धूर कोणत्या रंगाचा होता, कीं मुळींच नव्हता? (६) बिघाडापूर्वीं कोणतें काम किंवा दुरुस्ती झाली होती? एकाएकीं आलेला दोष बहुधा तार, खटका, नळी वा तुंबलेला फिल्टर यांचा असतो. रिंगा व लायनर महिनोन्‌महिने झिजतात, एका दुपारीं झिजत नाहींत. आमच्या मुलाचें एक वाक्य चौथ्या प्रश्नाचें पुरें उत्तर होतें.

सेल्फ फिरत नसेल तर

सेल्फ नुसता 'टक्' करतो किंवा रडत फिरतो, अशा वेळीं इंजिनास दोष देऊं नये. बारा व्होल्टची बॅटरी भरलेली व विसावलेली असतां मापकावर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारतांना आंकडा ९.६ च्या बराच खालीं जात असेल तर बॅटरी कमकुवत झाली असें समजावें. बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद असेल तर टोकांवरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें धुवावी, टोकें घासून घट्ट करावीं, व बॅटरीपासून सांगाड्यास आणि सांगाड्यापासून इंजिनास जाणारी अर्थिंगची पट्टी पाहावी. जुन्या यंत्रांत ही पट्टी गंजलेली आढळते. सेल्फ मुळींच दाद देत नसेल तर फ्यूज व कांहीं यंत्रांत आसनाचा किंवा दांड्याचा सुरक्षा-खटका तपासावा. खटका बिघडला असल्यास नवा बसवावा.

सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाहीं

येथें धुराच्या नळीकडे पाहावें. सेल्फ मारतांना मुळींच धूर येत नसेल तर डिझेल सिलिंडरांत पोंचत नाहीं. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल पोंचतें पण पेटत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत हिटर प्लग तापतात कीं नाहीं, सेल्फचा वेग पुरेसा आहे कीं नाहीं, हें पाहावें. नंतरच दाबाची शंका घ्यावी. हिटर प्लग असलेल्या इंजिनांत सुरू करण्यासाठीं ईथरचा फवारा मारूं नये. भडका होऊन पिस्टन व माणूस दोघांसही इजा होते.

पहिल्या प्रकारांत प्रथम डिझेल बंद करणारा विजेचा खटका, म्हणजे सोलेनॉइड, पाहावा. किल्ली फिरविल्यावर बहुतेक यंत्रांत त्याचा बारीक 'टिक्' आवाज येतो. आवाज नसेल तर तेथपर्यंत वीज येते कीं नाहीं हें दिव्यानें किंवा मापकानें पाहावें. पुष्कळदां एवढ्या एका सुटलेल्या तारेपायीं फ्युएल पंप खोलला जातो.

डिझेलची वाट

मोसम, आरम व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत चालत आलेली फड पद्धति आपणांस ठाऊक आहे. शेवटच्या शेतांत पाणी आलें नाहीं तर पाटकरी तें शेत खणीत बसत नाहीं. तो पाट धरून बंधाऱ्याकडे चालत जातो व कोठें फुटलें, कोठें गाळ साठला, तें पाहतो. डिझेलची वाटही अशीच टाकीपासून नोझलपर्यंत चालावी.

टाकीच्या झाकणांत हवेचें बारीक छिद्र असतें. तें मातीनें बुजलें तर डिझेल उपसलें जातां टाकींत पोकळी होते व इंजिन मरतें. झाकण सैल करतांच 'फुस्' आवाज होऊन इंजिन पुन्हा नीट चालूं लागलें तर दोष सांपडला. त्यानंतर टाकींतील गाळ, पाणी व तळाची जाळी पाहावी. पाणी वेगळें करणारी वाटी असल्यास ती सोडून रिकामी करावी. मग रबरी नळ्या. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा आहे, व जुन्या यंत्रांत सर्वांत फसवा तोच. ओढीच्या नळीला चीर असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजीं हवा आंत शिरते. जमिनीवर थेंब पडत नाहीं, म्हणून कोणास शंका येत नाहीं. टाकी भरलेली असतां वरच्या डिझेलच्या वजनानें चिरेंतून किंचित पाझर होतो. पातळी खालीं गेली कीं तीच चीर हवा ओढूं लागते. नळीवर, विशेषतः क्लिपेजवळ, ओलसर धुळीचा थर दिसला तर तेथेंच थांबावें व नळी वांकवून पाहावी.

शंका दूर करण्याचा खात्रीचा उपाय डब्याचा आहे. स्वच्छ डबा गाळलेल्या डिझेलनें भरून फीड पंपाच्या पातळीच्या वर, धुराच्या तापलेल्या नळीपासून दूर, पक्का बांधावा. टाकीकडून येणारी नळी सोडून डब्याची नवी नळी सरळ फीड पंपास जोडावी. यंत्र उभें ठेवून, एरवीं जेवढ्या वेळांत बंद पडतें त्याहून अधिक वेळ इंजिन चालवावें; डबा रिकामा होऊं देऊं नये. इंजिन बिनतक्रार चाललें तर दोष टाकी व फीड पंप यांच्या दरम्यान आहे, इंजिनांत नाहीं. तरीही बंद पडलें तर पुढें फीड पंप, फिल्टर व फ्युएल पंप यांकडे जावें. फीड पंपाच्या अलीकडे थोडा वेळ पारदर्शक नळी लावल्यास हवेचे बुडबुडे डोळ्यांनीं दिसतात. आमच्या वृद्ध गृहस्थांनीं हेंच दोन प्रयोग केले.

नळी किंवा फिल्टर बदलल्यावर 'एअर काढणें' आवश्यक आहे. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा व बुडबुडे थांबून अखंड धार आली कीं स्क्रू आवळावा. असेंच फ्युएल पंपावरील स्क्रूचें करावें. तरीही इंजिन सुरू झालें नाहीं तर नोझलकडील नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून, दूर उभें राहून सेल्फ मारवावा व डिझेल दिसतांच नट आवळावे. सेल्फ एका वेळीं १०-१५ सेकंदांहून अधिक मारूं नये. मध्यें त्यास विसांवा द्यावा. नोझलच्या फवाऱ्यापुढें हात कधींही धरूं नये. तेथील दाब दर चौरस सेंटिमीटरास शंभराहून अधिक किलोग्रॅम असतो. फवारा कातडींतून आंत शिरतो, जखम टांचणीएवढी दिसते, पण विलंब केल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. असें झाल्यास तत्काळ दवाखाना गांठावा.

सुरू होतें, पण दम धरीत नाहीं

प्रथम एअर क्लीनर पाहावा. खताच्या व गाळाच्या धुळींत काम करणाऱ्या लोडरचा क्लीनर रस्त्यावरील वाहनाहून फार लवकर भरतो. कागदी फिल्टर आपटूं नये व धुवूं नये. आंतून बाहेर, दर चौरस सेंटिमीटरास दोन किलोग्रॅमच्या आंतील दाबानें हवा मारावी. उजेडाकडे धरून छिद्र दिसल्यास फेकून द्यावा. आंतला लहान फिल्टर असेल तर तो साफ न करतां बदलावा. जुन्या ऑइल-बाथ प्रकारांत वाटींतील तेल चिखलासारखें झालें असेल तर वाटी धुवून नवें तेल खुणेपर्यंतच भरावें. त्यानंतर डिझेल फिल्टर बदलून पाहावा. हीं दोन कामें न करतां कोणी इंजिन खोलण्यास सांगत असेल तर त्याचें ऐकूं नये.

इंजिन तापत असेल तर

लोडरचा रेडिएटर पाठीमागें किंवा वर बसविलेला असून त्याला लागूनच हायड्रॉलिक तेल थंड करणारी जाळी असते. या दोहोंमध्यें पाचोळा, कांद्याचीं टरफलें व धूळ यांचा थर बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आंत वारा जात नाहीं. दोन्ही वेगळीं करून, हवा एरवीं ज्या दिशेनें जाते तिच्या उलट दिशेनें साफ करावीं. नंतर पंख्याचा पट्टा, कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट व पाण्याचा पंप, या क्रमानें पाहावें. तापलेल्या रेडिएटरचें झाकण उघडूं नये. उकळतें पाणी उसळून तोंड भाजतें. इंजिन हातास सोसेल इतकें निवल्यावरच झाकण सावकाश सोडावें.

धुराची भाषा

काळा धूर म्हणजे हवेच्या मानानें डिझेल जास्त : क्लीनर तुंबला, ओझें अधिक झालें, किंवा नोझल फवाऱ्याऐवजीं धार सोडूं लागला. पांढरा धूर थंडींत सुरू करतांना थोडा येणें स्वाभाविक आहे. तापल्यावरही तो येत राहिला व डोळ्यांस झोंबला तर डिझेल न जळतां बाहेर पडतें. गोडसर वास असून कूलंट घटत असेल तर हेड गास्केटची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतें. मात्र त्या आधीं ऑइल खुणेच्या वर तर भरलें नाहीं, हें पाहावें. ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल व त्यास डिझेलचा वास येत असेल तर इंजिन सुरूच करूं नये. तसें ऑइल ओढून इंजिन बेफाम पळूं शकतें व किल्लीनें थांबत नाहीं. अशा प्रसंगीं एखादी फळी हवेच्या तोंडावर दाबून श्वास कोंडावा; हात किंवा सैल कापड लावूं नये.

इंजिन खोलावें केव्हां?

इंजिन कधींच खोलूं नये असें माझें म्हणणें नाहीं. झिजलेलें इंजिन बांधावेंच लागतें. परंतु त्यास पुरावा हवा. ब्रीदरमधून धुराचा जोर, ऑइलचा वाढता खप, तापलेलें असतांही सुरू होण्यास अडचण व घटलेली ताकद हीं लक्षणें एकत्र दिसलीं, आणि मापकानें प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून तो यंत्राच्या पुस्तिकेंतील आंकड्याहून कमी भरला, म्हणजे निकाल देण्यास हरकत नाहीं. ऑइलांत पाणी मिसळून तें दुधासारखें होणें, किंवा योग्य मापकावर ऑइलचा दाब पुरता न भरणें, हेंही सबळ कारण आहे. कारागिरानें मोजलेले आंकडे कागदावर मागून घ्यावे. चांगला कारागीर ते आनंदानें देतो. बदललेले जुने भागही परत मागावे व जपून ठेवावे. आमचे जुने पिस्टन व रिंगा पुढें दाखविल्या तेव्हां त्या वृद्ध गृहस्थांनीं त्या मोजून आणखी बरींच वर्षें चालल्या असत्या असें सांगितलें.

नोंदवही

जमिनीस जसा सात-बारा तसा यंत्रासही उतारा हवा. एका वहींत तारीख, तास-मापकाचा आंकडा, भरलेलें डिझेल, ऑइलची पातळी, बदललेला भाग, खर्च व चालविणाऱ्याची तक्रार, एवढे रकाने आंखावे. ऑइल व फिल्टर बदलण्याचे तास यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणें धरावे. धुळींत काम असेल तर त्याहून लवकर बदलावे. डिझेलच्या पिंपांतील तळाचें डिझेल टाकींत ओतूं नये, नेहमीं गाळून भरावें, व संध्याकाळीं टाकी भरून ठेवावी म्हणजे रात्रीं आंत दंव धरून पाणी होत नाहीं. रबरी नळ्या कडक किंवा चिरलेल्या दिसतांच सर्व एकदम बदलाव्या. हा खर्च इंजिन खोलण्याच्या मजुरीपुढें नगण्य आहे.

सारांश इतकाच : आधीं जबाब, मग बॅटरी व तारा, मग डिझेलची वाट, मग हवा, मग पाणी, आणि सर्वांत शेवटीं इंजिनाचें पोट. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आतां तक्रारीचा रकाना सर्वांत रुंद आंखलेला आहे, व तो रोज संध्याकाळीं यंत्र चालविणारा मुलगा स्वतःच्या हातानें भरतो. यंदा वैशाखांत त्यानें एका ओळींत लिहिलें होतें कीं परतीच्या नळीजवळ धूळ ओली दिसते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नळी बदलली, व दुपारीं खत शेतांत पडूं लागलें.